भुकेपोटी म्हटलेलं आमेन

आत्या,

तुझ्या अंत्यविधीला पाळक तुझ्याबद्दल जे बोलले ते ऐकून तू पेटीतून उठून बसली असतीस. मृदू स्वभावाच्या, म्हणाले. कोणाला कधी उलटून न बोललेल्या. मी पप्पांकडे पाहिलं, पप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघांनी एकदमच रुमाल तोंडाला लावला. मागच्या बाकावरच्या बायकांना वाटलं, बापलेकीला रडू आवरत नाही. रडतही होतो, खोटं कशाला बोलू, पण त्या क्षणी हसूच जास्त होतं. पाळक नवे आहेत, त्यांचा काही दोष नाही. त्यांनी तुला पाहिलं ते शेवटच्या चार महिन्यांत, अंथरुणावर, दम लागत असल्यामुळे दोन वाक्यांच्या वर तू बोलत नव्हतीस तेव्हा. दम लागत नसता तर त्यांनाही त्यांचा वाटा मिळालाच असता.

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. मला तुझ्याशी एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. माझ्या कॉलेजबद्दल. हो, तीच गोष्ट. प्रत्येक नाताळाला, प्रत्येक नव्या पाहुण्यासमोर ती आपण दोघींनी सांगितली. तू अर्धी सांगायचीस, मी तुला मध्ये तोडून उरलेली सांगायची, आणि पप्पा उठून अंगणात जायचे. आता तू नाहीस म्हणून सगळी मलाच सांगावी लागणार. आधी आपल्या घरी सांगतात तशीच सांगते. मग आपल्या घरी कधी सांगितला गेला नाही तो भाग सांगते.

सुरुवात घरच्या प्रार्थनेपासूनच करायला हवी, नाहीतर या गोष्टीत काही अर्थ राहत नाही. मैसूरला, कुवेंपुनगरच्या या घरात संध्याकाळी साडेसातला, जेवणाआधी, आपण चौघं गोल बसायचो. चर्चमध्ये सगळं कन्नडमध्ये, शाळेत कन्नड आणि इंग्रजी, आणि मराठी फक्त दोन ठिकाणी: स्वयंपाकघरात आणि या प्रार्थनेत. आधी मी, कारण मी सगळ्यांत लहान. मग आई, मग पप्पा आणि सगळ्यांत शेवटी तू, पप्पांची नऊ वर्षांनी मोठी बहीण. पप्पांचे दोन नियम होते. जेवताना वाद घालायचा नाही, आणि एक जण प्रार्थना करत असताना दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. बिचाऱ्यांच्या लक्षातच आलं नाही, की या दोन नियमांनी त्यांनी घरात भांडायला चांगली ऐसपैस जागा करून दिली आहे.

तुझ्या मात्र ते पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. शाळेतून निवृत्त होऊन तू मिरजेहून आपली ट्रंक घेऊन आमच्याकडे राहायला आलीस, आणि चौथ्या की पाचव्या संध्याकाळी डोळे मिटून म्हणालीस, "प्रभू, या घरातल्या गृहिणीला मिठाच्या बाबतीत संयम दे." आईचा चेहरा मला अजून दिसतो. ती काही बोलू शकत नव्हती, नियमच होता. पण दुसऱ्या दिवशी तिची पाळी तुझ्या आधी होती. "प्रभू, ज्यांना डाळ खारट लागते त्यांना उद्यापासून स्वतः करायची शक्ती दे." एरवी आईची प्रार्थना दोन वाक्यांची असायची, कारण आत गॅस चालू असायचा. त्या दिवशी तिने तीन वाक्यं केली आणि तिसऱ्यात तुझ्या गुडघेदुखीसाठी मागणं मागितलं, आणि तुमचं जमलं ते तिथून. एकमेकींना नावं घेऊन बोलायचं नाही, "काही जण" म्हणायचं, ही रीतही तेव्हाच पडली. आपल्या घरात आजही कोणी "काही जणांना वाटतं" असं म्हणालं की पप्पा सावध होतात.

तर माझा सेकंड पीयूसीचा, तुमच्या मिरजेकडच्या बारावीचा, निकाल लागला. मार्क बरे होते. पुढे बी.ए.ला कुठे जायचं, तर दोन कॉलेजं समोर होती. एक सिस्टर लोकांचं. आपण कॅथलिक नव्हतो, पण पप्पांचं म्हणणं, क्रूस तर तोच आहे ना. शिवाय रविवारच्या शाळेतल्या माझ्या चारही मैत्रिणी तिथेच चालल्या होत्या, पाळकांचं पत्र दिलं की ख्रिस्ती मुलीला जागा मिळायची, आणि बस घराच्या कोपऱ्यावरून थेट फाटकापाशी. दुसरं सरकारी, जयलक्ष्मीपुरमच्या बाजूला. तिथे मुलं-मुली एकत्र, वर्गात शंभर जण, वाटेत बस बदलायची, आणि आपल्या चर्चच्या मंडळीतलं तिथे कोणीही नाही.

मला सिस्टरांच्याकडे जायचं होतं. पप्पांना तेच हवं होतं. आईला गॅस बंद करायचा होता. प्रश्न संपलाच होता म्हण ना. आणि तू तुझ्या पाळीला, आजाऱ्यांसाठी आणि प्रवासात असलेल्यांसाठी मागून झाल्यावर, शांतपणे म्हणालीस, की करुणाला सरकारी कॉलेजात जायची बुद्धी दे.

पप्पांनी डोळे उघडून पाहिलं. मीही पाहिलं. इतर कोणी हे म्हटलं असतं तर समजलं असतं, पण तू? मिशनच्या शाळेत शिकलेली, मिशनमध्येच शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलेली, मिशनच्याच शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलेली बाई?

मग अकरा दिवस आपल्या घरात काय चाललं होतं ते देवालाच माहीत, कारण सगळं त्यालाच तर सांगत होतो. मी म्हणायची, प्रभू, सरकारी कॉलेजला जाताना बस बदलावी लागते हे काही जण विसरतात. तू म्हणायचीस, प्रभू, तुझ्या लोकांनी वाळवंटात पायपीट केली, काही जणांना एक बस बदलता येत नाही. आई म्हणायची, प्रभू, भात गार होतोय. आणि तिसऱ्या दिवशी पप्पा जे बोलले ते मी शब्द न् शब्द लक्षात ठेवलं आहे.

"प्रभू, मी मिरजेहून बदली होऊन आलो तेव्हा या गावात आम्हाला कोण ओळखत होतं? भाषा येत नव्हती. रेल्वेच्या वर्कशॉपमधून घरी यायचो आणि भिंतीकडे तोंड करून बसायचो. तुझ्या मंडळीतल्या चार घरांनी महिनाभर डबे पाठवले. माझ्या मुलीने त्या माणसांत राहावं, एवढंच मागतो. मला दुसरं काही समजत नाही."

पप्पांचा आवाज फुटला होता. मला वाटलं आता तू माघार घेशील. तू पदर सारखा केलास. मग म्हणालीस, "प्रभू, माझा भाऊ खरं बोलतो. पण तू मला पाहिलंस. मी मिशनच्या कंपाउंडात जन्मले, कंपाउंडात शिकले, कंपाउंडातच शिकवलं. मला आजवर एका माणसाने विचारलं नाही, बाई, तुम्ही हे का मानता? कोणी विचारलं नाही म्हणून मीही उत्तर शोधलं नाही. साठीला आले, आणि मला अजून कळत नाही, की मी मानते का मला नुसती सवय आहे. या पोरीला कोणीतरी विचारायला हवं."

 सतरा वर्षांच्या मला तेव्हा त्यातलं फारसं समजलं नाही, एवढंच समजलं की आत्याला कशाचं तरी दुःख आहे. ते नीट समजायला मला चाळिशी गाठावी लागली.

सिस्टरांच्या कॉलेजात भेटीला गेले त्या दिवसाबद्दल मी कायम चांगलंच बोलत आले आहे आणि आजही बोलेन. फाटकापाशीच एक वयस्कर सिस्टर उभ्या होत्या. मी नाव सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या, तू वर्कशॉपवाल्यांची मुलगी, कॉयरमध्ये गातेस ती, अल्वा, होय ना? लिंबाचं सरबत दिलं, आईची चौकशी केली. इतकं बरं वाटलं मला, जणू काकूच्याच घरी आले.

त्यानंतर दोन दिवसांनी तू म्हणालीस, मी जयलक्ष्मीपुरमला चाललेय, सुम्ने चल सोबतीला. मैसूरला येऊन दोन वर्षं झाली नव्हती तरी हे सुम्ने तू पक्कं शिकली होतीस, उगीच, सहज, काही कारण नसताना. आणि कारण असेल तेव्हाच तू ते वापरायचीस. आपण सरकारी कॉलेजच्या दारात उभ्या राहिलो. तू बाहेर कंपाउंडच्या कट्ट्यावर बसून शेंगा सोलायला लागलीस आणि मला एकटीला आत पाठवलंस, फॉर्म आणायला. खिडकीत एक चष्मेवाले कारकून. त्यांनी मान वर न करता विचारलं, हेसरू? नाव? मी सांगितलं. त्यांना नीट ऐकू आलं नाही, पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. त्यांनी लिहून घेतलं आणि फॉर्म पुढे सरकवला. बाकी काही झालं नाही. मी बाहेर आले. तू माझ्याकडे पाहिलंस, मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्यास आणि घरी येईपर्यंत एक शब्द विचारला नाहीस. तुझ्या बाबतीत हे आश्चर्यच होतं.

आता ती संध्याकाळ. घरी सांगतात तशी.

शुक्रवार होता. पप्पा पहाटेच्या शिफ्टहून आलेले, त्यामुळे डोळे मिटले की त्यांना डुलकी लागायचीच. आई बांगडे तळत होती, ते अर्धवट तव्यावर ठेवून आली होती. मी दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. आम्हा तिघांचं पटकन आटोपलं आणि तुझी पाळी आली. तू त्या दिवशी कोणालाही सोडलं नाहीस. मिरजेचे आजारी, मैसूरचे आजारी, नळाचं पाणी, शेजारच्यांच्या मुलीचं लग्न, राज्यकर्ते. आतून मासळीचा वास येत होता. आणि त्याच चालीवर, आवाज जराही न बदलता तू म्हणालीस, "आणि करुणाने सरकारी कॉलेजात जायचं ठरवलं आणि तिच्या वडिलांनी तिला संमती दिली, याबद्दल तुझे आभार मानते."

आणि आम्ही तिघंही म्हणालो, आमेन.

आई तर म्हणता म्हणताच आत पळाली होती. तू डोळे उघडलेस, चष्मा लावलास आणि शाळेत उत्तरपत्रिका खाली ठेवावी तशा आवाजात म्हणालीस, "झालं. तिघांचं आमेन झालं." पप्पा म्हणाले, ताई, हा अन्याय आहे, मी झोपेत होतो. मी म्हणाले, मला भूक लागली होती. तू म्हणालीस, देवासमोर म्हटलेलं मागे घेता येत असेल तर खुशाल घ्या, मी कोण अडवणारी. पप्पांनी मागे घेतलं नाही. सकाळी फॉर्मवर सही केली आणि वर्कशॉपला निघून गेले.

इथपर्यंत ही गोष्ट सांगितली की पाहुणे हसायचे, आणि आपण दोघीही. पुढचं आपण सांगत नव्हतो. पप्पा दोनेक महिने तुझ्याशी बोलले नाहीत. चटणी हवी असली तरी माझ्याकडून मागायचे. मंडळीतल्या बायका आईला गाठून म्हणायच्या, मोठ्या नणंदेने पोरीचं वाटोळं केलं, आपल्या माणसांचं कॉलेज असताना. आणि रविवारच्या शाळेचा तुझा वर्ग, मोडक्या कन्नडमध्ये तू घ्यायचीस तो, त्या पावसाळ्यात दुसऱ्या बाईंना दिला गेला. कोणी भांडलं नाही, कारण सांगितलं नाही, फक्त एका रविवारी तिथे दुसऱ्या बाई बसल्या होत्या. तू म्हणालीस, बरं झालं, आता रविवारी जरा उशिरा उठता येईल. पण तू उशिरा उठली नाहीस. त्याच वेळेला जाऊन चर्चच्या बाहेरच्या पायरीवर बसायचीस आणि आतून मुलांचा आवाज यायचा तो ऐकायचीस. मी पाहिलं आहे. मला तेव्हाही वाईट वाटलं होतं, आणि तरी मी गप्प बसले.

कॉलेजात पहिला आठवडा मी कोणाशीच बोलले नाही. मग पद्मा भेटली. बसमध्ये मी तुझ्यासारखंच, स्वतःशी, मराठीत काहीतरी पुटपुटले आणि शेजारची मुलगी गर्रकन वळली. तिच्या घरचे मूळचे मैसूरच्या राजाच्या सैन्यातले, किती पिढ्यांपूर्वी इकडे आले ते त्यांनाही सांगता येत नाही. तिची मराठी ऐकून मला पहिल्यांदा हसू आलं होतं आणि तिला माझी ऐकून. माझं सगळं ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, "आमच्यात एकेका कामाला एकेक देव हाय. तुमच्यात सगळं एकालाच सांगतात म्हणे, हौदा, खरं काय? पुरतं काय त्येला?"

मी म्हणाले, आत्याला विचारून सांगते. घरी येऊन तुला सांगितलं. तू भाजी चिरत होतीस, विळी आडवी केलीस आणि फरशीवर हात टेकून इतकी हसलीस की आई बघायला आली. म्हणालीस, विचारलं बघ कोणीतरी. मग तीन दिवस तुझं गणित चालू होतं. चौथ्या दिवशी म्हणालीस, मलाही येत नाही उत्तर, तिला घरी घेऊन ये, तिघी मिळून शोधू.

पद्मा आली आणि येतच राहिली. प्रार्थनेला डोळे टक्क उघडे ठेवून बसायची. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला म्हणाली, मला पण एक पाळी द्या की. पप्पा गडबडले, तू म्हणालीस, घे. तिने हात जोडले आणि म्हणाली, "देवा, मी तुझ्या वळखीची न्हवं, तरी स्वल्प ऐक. आमच्या अज्जीचा गुडघा लई दुखतोय." सगळ्यांत मोठ्याने आमेन तुझं होतं. पप्पा त्या दिवशी पहिल्यांदा हसले आणि तुला थेट म्हणाले, ताई, चटणी दे. हे जितकं आठवतं तितकं तुझं ऋणच वाटतं मला. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत जवळची मैत्रीण मला त्या बस बदलण्यात मिळाली.

सगळंच गोड होतं असं नाही. एकदा वर्गात शिकवता शिकवता एका सरांनी सहज "तुम्ही लोक" म्हटलं आणि शंभर माना माझ्याकडे वळल्या. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले आणि तुला म्हणाले, तुझ्यामुळे. परीक्षेत एका विषयात गोता खाल्ला, तेव्हा पप्पांना म्हणाले, मी कुठे जात होते तिथे, मला आत्याने पाठवलं. मंडळीत कोणी काही बोललं की हेच. नोकरी लागायला वेळ लागला तेव्हाही हेच. तू ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, हो बाई, मीच पाठवलं, आता चहा पी.

तुझं म्हणणं बरोबर होतं का, यावर आपला वाद संपलाच नाही. आणि संपेल असं वाटत असतानाच माझ्या लेकीने, आशाने, त्यात उडी घेतली. आई गेल्यावर आम्ही दोघी या घरीच राहायला आलो होतो, त्यामुळे मागच्या वर्षी तिच्या कॉलेजचा प्रश्न तुझ्यासमोरच आला. तिने सरळ सिस्टरांचं कॉलेज निवडलं. तू अठ्ठ्याऐंशी वर्षांची, खुर्चीतून उठायला जमत नव्हतं, पण प्रार्थनेत तुझा आवाज पूर्वीचाच. प्रभू, काही जणांना सोपी वाट आवडते. आशाला तेवढं मराठी कळतं. तिने पाळीची वाट पाहिली नाही, आजच्या मुली त्या. म्हणाली, "अज्जी, माझ्या शाळेत तेरा वर्षं सगळे मला विचारतच होते. नाव असं का, कुंकू का नाही, घरी काय खाता. रोज आन्सर देऊन कंटाळा आला. तीन वर्षं कोणी विचारायला नको मला, बस."

तू डोळे उघडून तिच्याकडे पाहत राहिलीस. पप्पा घाबरले. मग तू म्हणालीस, ही बरोबर बोलते. थोड्या वेळाने परत म्हणालीस, मीही बरोबर होते, हीसुद्धा बरोबर आहे, चुकले ते फक्त हिचे आजोबा. आणि पप्पा उठून अंगणात गेले. आशा आता तिथे मजेत आहे, आणि तिथल्या एका सिस्टरांनी तिला पहिल्याच महिन्यात विचारलं म्हणे, की तू हे सगळं का मानतेस. हे तुला सांगायला ती धावत आली होती तेव्हा तुला झोप लागली होती. राहिलंच ते.

आता न सांगितलेला भाग.

तू जायच्या आधीचा रविवार. दुपार होती, पप्पा आत आडवे झाले होते. मी तुझे पाय चेपत होते. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "करुणा, मी तुला त्या दिवशी फसवलं, नाही का ग? भुकेल्या पोरीकडून आमेन काढून घेतलं. देवाचं नाव वापरून. मला ते कधी बरं वाटलं नाही."

तुला दम लागला होता. तीस वर्षं तू हे पाहुण्यांना हसून सांगत होतीस आणि आत हे घेऊन बसली होतीस. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, जाऊ दे ना आत्या, किती वर्षं झाली त्याला. आणि चहा करायला उठून गेले. गुरुवारी सकाळी तू गेलीस.

मी झोपेत नव्हते, आत्या. भूक लागली होती हे खरं, मासळीचा वास येत होता हेही खरं, पण मी तुझा शब्द न् शब्द ऐकला होता. त्या कारकुनाने मला नाव विचारलं ना, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ज्याला उत्तर माहीत नाही अशा माणसाने मला माझं नाव आजवर विचारलंच नव्हतं. मी त्या खिडकीपासून कट्ट्यापर्यंत चालत आले तेवढ्या वेळात माझं ठरलं होतं. पण पप्पांचा तो फुटलेला आवाज ऐकल्यावर हे त्यांना सांगायची छाती मला झाली नाही. आणि तू ते माझ्या वतीने देवाला सांगून टाकलंस. मी एक क्षण थांबले. पप्पांचं आमेन आधी आलं, मग मी माझं म्हणाले, आणि डोळे उघडून लगेच भुकेचं नाव सांगितलं. त्यानंतर बायका तुला बोलल्या, तुझा वर्ग गेला, पप्पांनी अबोला धरला, आणि प्रत्येक वेळी मी तुझ्या पाठीमागे उभी राहिले. तू मला फसवलं नाहीस. मीच तुला पुढे केलं. मला क्षमा कर, हे तुला त्या दुपारी म्हणायचं होतं. चहा काय, नंतरही झाला असता.

काल संध्याकाळी ते मी प्रार्थनेत सांगून टाकलं. पप्पांना तोंडावर सांगायला मी अजूनही भिते, सत्तेचाळीस वर्षांची झाले तरी. आशाचं आटोपलं, माझी पाळी आली आणि मी डोळे मिटून सगळं बोलले, खिडकीपासून आमेनपर्यंत. मध्ये कोणी तोंड उघडायचं नाही हा नियम पप्पांचाच, त्यामुळे त्यांना ऐकून घ्यावं लागलं. मग त्यांची पाळी. त्यांनी आधी मान खाली घातली. मला वाटलं, मी ऐंशी वर्षांच्या माणसाला उगीच दुखावलं.

मग म्हणाले, "प्रभू, करुणा बोलली ते मी ऐकलं. ताईला माझाही निरोप सांग. त्या दिवशी मीही झोपलो नव्हतो." आणि पुढे, "मंडळीला काय सांगू, एवढाच माझा प्रश्न होता. तो तिने तिच्या अंगावर घेतला, मी घेऊ दिला. मग तिच्याशी बोलायची लाज वाटत राहिली."

आशाने डोळे उघडून आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. पप्पा रडत होते आणि हसतही होते, आणि माझी तीच गत होती, या खेपेला तोंडाला रुमाल न लावता. आईचं मला ठाऊक नाही, तिने आपलं तव्याकडे बघतच म्हटलं असेल. पण आम्ही दोघं जागे होतो. त्या संध्याकाळी आमच्यापैकी फसलं कोणीच नव्हतं, आत्या. तीस वर्षं फसलीस ती तू एकटी.